गव्हर्नर साहेब, रेपो रेट आमच्या तालुक्यात कुठून पोचतो?

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, फोर्ट, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पतधोरण हा टॉपिक दरवर्षी असतोच. रेपो, म्हणजे तुम्ही बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देता तो दर, कमी झाला की बँकांना पैसा स्वस्त पडतो, मग कर्ज स्वस्त, मग गुंतवणूक, मग रोजगार, ही साखळी मी फळ्यावर काढते आणि समोर बसलेल्या पोरापोरींपैकी अर्ध्यांचे आईबाप त्या वेळी सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. तर ही साखळी आमच्याकडे नेमकी कुठे तुटते ते तुम्हाला सांगावं आणि एक मागणी करावी म्हणून हे पत्र.

२०२५ मध्ये तुम्ही रेपो ६.५० वरून ५.२५ वर आणला. फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पाव-पाव टक्का, जूनमध्ये तर एकदम अर्धा टक्का, आणि मग डिसेंबरात परत पाव. पुण्यात माझ्या भाच्याचं होम लोन आहे, बँकेचं, रेपोला जोडलेलं. ऑक्टोबर २०१९ पासून तुमचा नियमच आहे की बँकांनी घरांची आणि छोट्या उद्योगांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, कर्जं रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला जोडायची आणि तीन महिन्यांत एकदा तरी व्याज रीसेट करायचं. चाळीस लाखांचं वीस वर्षांचं लोन असेल तर एक टक्का उतरल्यावर हप्ता महिन्याला साधारण अडीच हजारांनी खाली येतो. म्हणजे त्याच्या घरात तुमचा निर्णय पोचला, आणि चांगलं झालं, माझी त्यावर काहीच तक्रार नाही.

आता आमच्या गल्लीतली बाई घ्या. फायनान्सवाल्यांकडून, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीकडून, गटाचं पन्नास हजारांचं लोन, चोवीस महिने, चोवीस टक्के, हप्ता सव्वीसशे चाळीसच्या आसपास. व्याज फिक्स, त्यामुळे तुमच्या कपातीनं तिच्या हप्त्यात एक रुपयाही हलला नाही. हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात, बघा, ट्रान्समिशन होत नाही, म्हणजे रेपोची कपात कर्जदारापर्यंत पोचत नाही. पण थांबा, मी गणित मांडून पाहिलं. समजा अख्खा सव्वा टक्का तिला मिळाला असता, तरी हप्ता किती कमी झाला असता? तीसेक रुपये. बस. म्हणजे तिच्यासाठी व्याजदराचा हा रस्ताच बारीक आहे. तिच्यापर्यंत पतधोरण पोचायचं असेल तर ते एकाच वाटेनं पोचू शकतं, तालुक्यात काम निघण्याच्या वाटेनं. कुणीतरी कर्ज काढून डाळमिल टाकली, गोठा वाढवला, गॅरेज काढलं, बांधकाम सुरू केलं आणि तिला किंवा तिच्या नवऱ्याला इथंच हजेरी मिळाली, तर. पुण्यात तुमचं धोरण ईएमआयमधून दिसतं, आमच्याकडे ते मजुरीत दिसायला पाहिजे. आणि मजुरीकडे जिल्हावार बघायची पद्धतच तुमच्या धोरणाच्या कागदात नाही, हे माझं म्हणणं.

ऊसतोडीची उचल तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते, कारण कर्ज आणि मजुरी हे दोन बाजार वेगळे धरून आपण सगळे जे शिकतो आणि शिकवतो ते इथं चालत नाही. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी तोडणीचे मजूर जमवणारा, येतो आणि नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो, आमच्याकडे लाखभर, कधी त्याहून जास्त. त्या पैशात आधीचं देणं, आजारपण, लेकीचं लग्न, पोराची फी असं सगळं भागतं. मग पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून ऊस तोडून ती उचल फेडायची, एक दिवस खाडा झाला तर तो कापून घेतात, आणि सीझन संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या अंगावर. इथं कर्ज देणारा आणि काम देणारा एकच माणूस आहे. ज्याला आत्ता पैसे पाहिजेत त्याला पुढची मजुरी आत्ताच्या भावात विकावी लागते. बाजारात मजुरीचा दर वाढला तरी त्याला सोडून दुसरीकडे जाता येत नाही कारण अंगावर उचल आहे. हे कर्ज तुमच्या कुठल्याच टेबलमध्ये येत नाही, कारण बँकेच्या दृष्टीनं ते कर्जच नाही.

बँक का देत नाही? पीक कर्ज तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी आणि वेळेवर फेडलं तर चार टक्क्यांनी पडतं, जगात कुठं मिळणार नाही इतकं स्वस्त. विनातारण शेतीकर्जाची मर्यादाही १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख केलीत. पण त्याला सातबारा लागतो, आणि उचल घेणाऱ्या कितीतरी घरांकडे तो नाही, किंवा आहे तो दीड एकर कोरडवाहूचा आणि त्यावरही चार भावांची नावं.

कर्जाचा आणि मजुरीचा संबंध लावायला तुम्हाला माझ्या तालुक्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारनं मायक्रोफायनान्सवर अध्यादेश काढला, तिथली वसुली जवळजवळ थांबली, आणि ज्या कंपन्यांचा पैसा आंध्रात अडकला त्यांनी इतर राज्यांतही कर्ज देणं आखडलं, जिथल्या बायका नीट हप्ते भरत होत्या तिथंही. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन या दोघी अर्थतज्ज्ञांनी आंध्र सोडून बाकीचे जिल्हे तपासले. ज्या जिल्ह्यांत अशा अडकलेल्या कंपन्यांचा धंदा जास्त होता तिथं कर्ज आटलं आणि त्याबरोबर रोजंदारीवरच्या मजुरांची मजुरी घसरली, घरखर्च कमी झाला. लक्षात घ्या, ज्यांनी कर्ज कधी घेतलंच नव्हतं त्यांचीही मजुरी घसरली, कारण कर्ज घेणाऱ्यांनी छोटी-मोठी कामं काढणं आणि मजूर लावणं कमी केलं. देशाच्या सरासरीत हे कधीच दिसलं नसतं.

नोटबंदीचंही तसंच. ८६ टक्के चलन एका रात्रीत बाद झालं, पण नव्या नोटा सगळीकडे सारख्या वेगानं पोचल्या नाहीत. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठल्या जिल्ह्यात किती नोटा पोचल्या ते घेतलं, रात्रीच्या उजेडाची सॅटेलाइट माहिती घेतली, आणि दाखवलं की जिथं नोटांची टंचाई जास्त तिथं आर्थिक उलाढाल जास्त घसरली आणि बँक कर्जाची वाढही मंदावली. सांगायचा मुद्दा असा की कुठल्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे नोटा साठवायच्या बँकांमधल्या तिजोरीत, किती नोटा गेल्या हे रिझर्व्ह बँकेला माहीत असतं. जिल्हा तुमच्याकडे आहे. फक्त पतधोरण ठरवताना तो टेबलावर येत नाही.

आणि जिल्हा ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटानं १९६९ मध्ये सांगितलं की बँकिंग भाग धरून करा, जिल्ह्याची गरज बघून करा, आणि त्यातूनच लीड बँक योजना आली, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याच्या कर्जवाटपाचं काम एका बँकेनं पुढाकार घेऊन बघायचं. १९७७ ते १९९० नियम होता की जिथं बँक आहे तिथं एक नवी शाखा काढायची असेल तर जिथं नाही अशा चार ठिकाणी काढा. बर्जेस आणि पांडे या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की त्यानं ग्रामीण गरिबी कमी झाली. त्यावर वाद झालेत हेही खरं, बुडीत कर्जं वाढली हेही खरं, पण त्या काळात निदान प्रश्न तरी जिल्ह्याचा विचारला जात होता. आजसुद्धा तुमच्या प्रायॉरिटी सेक्टरच्या, म्हणजे शेती, छोटे उद्योग अशांना बँकांनी ठरावीक कर्ज द्यायलाच पाहिजे त्या, नियमात ज्या जिल्ह्यात माणशी कर्ज नऊ हजारांपेक्षा कमी तिथल्या नव्या कर्जाला बँकेचं टार्गेट मोजताना १२५ टक्के वजन आणि बेचाळीस हजारांच्या वर असेल तिथं ९० टक्के, हे तुम्हीच ठरवलंय. ज्या जिल्ह्यात क्रेडिट-डिपॉझिट रेशो, म्हणजे शंभर रुपये ठेवींमागे कर्ज किती, चाळीसच्या खाली तिथं स्पेशल सब-कमिटी बसवायची हाही तुमचाच नियम. मग हे सगळं लीड बँकेच्या मीटिंगच्या फायलीत का राहतं? महाराष्ट्राचा रेशो मुंबईच्या मोठ्या कर्जांमुळे एवढा फुगलेला दिसतो की राज्य म्हणून बघितलं तर मराठवाडा त्यात गायबच होतो.

आता आत्तापर्यंत एक सबब होती, रोजगाराचा आकडा जिल्ह्याचा मिळत नाही. ती जानेवारी २०२५ पासून बरीच कमी झाली. पीएलएफएसचं, म्हणजे सरकारच्या रोजगार-बेरोजगारीच्या सर्व्हेचं, नवं डिझाइन आलं, महिन्याचे आकडे येऊ लागले आणि सॅम्पल काढताना जिल्हा हा मूळ एकक धरला. तुमचा कन्झ्युमर कॉन्फिडन्स सर्व्हे लोकांना रोजगाराबद्दल विचारतो, पण तो १९ शहरांत, त्यात आपल्याकडची मुंबई आणि नागपूर. आता ग्रामीण सर्व्हेही करताय, ते फार चांगलं केलंत, मनापासून सांगते.

काहीजण म्हणतील की बीडला एक रेपो आणि पुण्याला दुसरा असं करता येत नाही. बरोबर आहे, मी ते मागतच नाहीये. कायद्यानं २०१६ पासून तुम्हाला महागाई चार टक्के, दोन इकडे दोन तिकडे, हे टार्गेट आहे आणि वाढ लक्षात ठेवायला सांगितलंय, रोजगार हा शब्द त्यात नाही. तो घाला असं मी संसदेला म्हणेन, तुम्हाला नाही. पण बघायला कायदा अडवत नाही. अमेरिकेतही व्याजदर एकच असतो, तरी त्यांच्या बारा विभागीय फेडरल बँका वर्षातून आठ वेळा आपापल्या भागात कामाला माणसं मिळतायत का, मजुरी वाढतेय का, कर्ज कोण मागतंय, हे साध्या भाषेत लिहून छापतात आणि दर ठरवणारे ते समोर ठेवून बसतात.

तर मागणी एवढीच. एमपीसीच्या, म्हणजे रेपो ठरवणाऱ्या तुमच्या समितीच्या, प्रत्येक मीटिंगआधी तुमच्या रीजनल ऑफिसांनी आणि लीड बँकांनी मिळून एक जिल्हावार रिपोर्ट काढावा आणि तो सगळ्यांना वाचायला ठेवावा. त्यात एका पानावर जिल्ह्याच्या ठेवी, कर्ज, नव्या कर्जाचा सरासरी व्याजदर बँक, ग्रामीण बँक आणि मायक्रोफायनान्स असा वेगवेगळा, आणि त्याच पानावर रोजंदारीची मजुरी आणि कामाचा आकडा. ट्रान्समिशनचे तक्ते तुम्ही आत्ताही छापता, पण ते सरकारी बँका, खासगी बँका, परदेशी बँका असे गट करून, त्यातून आमचा तालुका सापडत नाही. आणि सीझनमध्ये गावाबाहेर गेलेली माणसं बीडच्या आकड्यात धरायची की सांगलीच्या, हे सांख्यिकी मंत्रालयाशी बोलून एकदा ठरवा आणि तळटीप म्हणून छापा, कारण नोव्हेंबरात आमच्या वस्त्यांवर सर्व्हेवाला आला तर घराला कुलूप आणि ओट्यावर एखादी म्हातारी.

सुरुवातीला सगळ्या जिल्ह्यांचा जमणार नसेल तर ज्यांना १२५ टक्के वजन दिलंय तेवढ्या जिल्ह्यांपासून करा, यादी तुमच्याकडे तयारच आहे. रिपोर्ट मराठीतही काढा. बँकेचे शाखाधिकारी, पंचायत समितीतले लोक, बचत गटाच्या बायका, आमचे विद्यार्थी, सगळे वाचतील, आणि पुढची आकडेवारी गोळा करायला मनुष्यबळ कमी पडलं तर आमच्या कॉलेजची पोरं द्यायला मी तयार आहे.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक प्राध्यापिका