गाडीच्या पॅकसाठी साधा डिस्चार्जर

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

रिमोटच्या गाडीचा ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक रिकामा करायला तू त्याला नुसता बल्ब लावून ठेवतोस, असे तू लिहिले आहेस. बल्बाला माझी हरकत नाही. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब या पॅकवर साधारण सव्वा अँपिअर घेतो आणि व्होल्टेज उतरू लागले की फिलामेंट थंड होऊन त्याचा रोध घटतो, त्यामुळे प्रवाह फारसा ढळत नाही. प्रश्न आहे तो बल्ब वेळेवर बंद होण्याचा.

पॅकमधले सहाही सेल कधीच सारखे नसतात. कमजोर सेल आधी संपतो, उरलेले पाच त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि त्याची ध्रुवता उलटून तो कायमचा अधू होतो. पुष्कळ जण दर सेलमागे ०.९, म्हणजे एकूण ५.४ व्होल्टला थांबतात. पण पाच सेल १.१ व्होल्टवर असतील, तर त्यांचेच साडेपाच होतात, मीटरवर ५.४ दिसेपर्यंत सहावा शून्याखाली गेलेला असतो. म्हणून मी ६ व्होल्टलाच थांबतो.

हे काम टीएल४३१ नावाची तीन पायांची आयसी करते. तिच्या रेफरन्स पायापासून ऋण टोकापर्यंत १० किलोओहमचा रोध लाव आणि धन बाजूला १० किलोओहमचा रोध व तेवढाच प्रीसेट (स्क्रूने कमी-जास्त करता येणारा रोध) एकापुढे एक जोड; धन बाजूची बेरीज १४ किलोओहम झाली की ६ व्होल्टला त्या पायावर अडीच व्होल्ट येतात. तिथे अडीचपेक्षा जास्त असेतो आयसी प्रवाह वाहू देते, त्याखाली थांबवते. तिचा अॅनोड पाय ऋण टोकाला, आणि कॅथोड पाय व धन बाजू यांच्यामध्ये ६ व्होल्टच्या, सुमारे १०० ओहमच्या रिलेची, म्हणजे कॉइलमधल्या प्रवाहावर चालणाऱ्या स्विचची, कॉइल. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नकोस.

खरी गंमत पुढे आहे. भार काढताच पॅकचे व्होल्टेज पुन्हा चढते आणि नुसते व्होल्टेज पाहणारे सर्किट बल्ब परत पेटवते, मग रिलेची टकटक थांबत नाही. म्हणून पॅकची धन तार आधी रिलेच्या, कॉइल चालू असतानाच जुळणाऱ्या काँटॅक्टमधून ने आणि बल्ब व हे सारे सर्किट त्याच्या पलीकडे जोड. रिले सुटला की सर्किट स्वतःलाच पॅकपासून तोडते. सुरू करण्यासाठी काँटॅक्टला समांतर एक पुश बटण लागेल. ते जरा दणकट घे, कारण थंड फिलामेंट क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढते.

प्रीसेट जुळवताना बल्ब काढून ठेव, कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय लाव आणि ८ व्होल्टवर बटण दाबून हळूहळू खाली ये; रिले ६ व्होल्टला सुटेल असा प्रीसेट फिरव.

३००० एमएएचचा पॅक यावर सव्वादोन तासांच्या आसपास चालायला हवा. वेळ लिहून ठेवलास तर पॅक कधी थकू लागला ते कळेल. प्रत्येक चार्जिंगआधी मात्र हा उद्योग करू नकोस, त्याची गरज नसते. लिथियम-पॉलिमर पॅक तर याला मुळीच जोडू नकोस. ते चार्जरच्या स्टोरेज मोडवर दर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचे असतात.

तुझा,
श्रीकांत