साठ फेऱ्यांचा हिशोब

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, मागच्या रविवारी तू विचारलंस, "बोलता बोलता मध्येच आकडे काय पुटपुटतोस?" मी ऑफिसचं काम चालू आहे म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. मी टाके मोजत होतो. दोन वर्षं झाली, मी क्रोशा विणतोय, आणि गेलं वर्षभर विणलेलं विकतोयसुद्धा. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला "अगं बाई, विकत कशाला द्यायचं कुणाला?" म्हणाली असतीस, बाबांनी फोन तुझ्या हातातून घेतला असता आणि मूळ सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र.

माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता ते सहा आठवडे आठवतात ना? त्या दिवसांत बसल्या बसल्या जुने डबे आवरत होतो, तर पेन्सिलींच्या डब्यात तुझी स्टीलची बारीक क्रोशाची सुई सापडली. लहानपणी कपाटाखाली गेलेल्या गोट्या ओढायला पळवली होती. तू ती घरभर शोधत होतीस, आणि मी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या सुईवर मी जाड लोकर विणायला बसलो! दर टाक्याला लोकरीचे पदर सुटायचे, निम्मे सुईच्या आकड्यात यायचे, निम्मे बाहेर राहायचे. बारीक सुई सुतासाठी आणि मध्यम लोकरीला ४ किंवा ५ मिलीमीटरची, एवढं समजायला मला चार दिवस लागले. तुला विचारलं असतं तर चार सेकंदांत झालं असतं. पण विचारायचं नव्हतं. का, ते पुढे लिहितो.

पहिली टोपी इंटरनेटवरून एक नमुना घेऊन केली. ती नाकापर्यंत आली, खाली ओढली तर मानेपर्यंत. टाके बरोबर होते, फेऱ्या बरोबर होत्या. मग कळलं की इंग्रजांची आणि अमेरिकेची क्रोशाची भाषा एक नाही. इंग्रज ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात तो आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका. अमेरिकन ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात तो आपला खांब, म्हणजे उंच टाका. नाव तेच आणि उंची दुपटीहून जास्त. नमुना इंग्रजांचा होता आणि मी तो अमेरिकन समजून विणला. तुझा मुका खांब कुठेही गेलं तरी मुकाच राहतो, हे बरंय.

आता बाबांसाठी. बाबा, आई टीपॉयवरचा गोल रुमाल विणायची तेव्हा तुम्ही पेपराआडून म्हणायचात, "टोपी झाली बघ," नाहीतर "आता झालर झाली." थट्टा होती, पण तुमचं अगदी बरोबर असायचं. त्यामागे चोख गणित आहे. मुक्या खांबाचं वर्तुळ सपाट राहायला हवं असेल तर प्रत्येक फेरीला ६ टाके वाढवायचे: ६, १२, १८, २४. खांबाचं असेल तर १२ वाढवायचे: १२, २४, ३६. कमी वाढवले की कडा वर उचलते, वाटी होते, टोपी होते. जास्त वाढवले की कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते. आई हे कधी मोजायची नाही. तळहातानं रुमाल टेबलावर दाबायची, कडा किती उचलली ते बघायची, आणि एक-दोन फेऱ्या सरळ उसवायची.

ती झालर मुद्दाम पाडणारी एक बाई आहे. दाइना ताइमिना, मूळच्या लाटव्हियाच्या, गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका. भूमितीत हायपरबोलिक प्रतल म्हणून एक प्रकार असतो, सतत बाहेर पसरत, वळत जाणारा पृष्ठभाग. त्याची कागदाची मॉडेल वर्गात हाताळता हाताळता फाटायची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असताना १९९७ साली त्यांनी ते क्रोशानं विणलं. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, प्रत्येक ओळीत तेच प्रमाण, बस्स. विद्यार्थी ते हातात घेऊन दुमडून बघू शकले. म्हणजे आई 'बिघडलं' म्हणून जे उसवायची ते तिथे वर्गात शिकवायला ठेवलं जातं. (आई, म्हणून उसवू नकोस असं नाही. रुमाल सपाटच हवा.)

विकायला कशी सुरुवात झाली ते सांगतो. ऑफिसातल्या एकीच्या मुलीसाठी हत्ती केला. जपानी लोक याला आमिगुरुमी म्हणतात, विणलेली, आत कापूस भरलेली छोटी खेळणी. सगळं मुक्या खांबात, गोल गोल, आणि सुई नेहमीपेक्षा बारीक घ्यायची, म्हणजे टाके घट्ट बसतात आणि भरलेला कापूस डोकावत नाही. फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवतो. सोंडेला सहा टाक्यांची फेरी असते. ती विणताना बोटं एकमेकांत अडकतात आणि तोंडानं शिव्या येतात. हत्ती झाला छान, पण डोळ्यांना मी मणी शिवले होते. आठवड्यानं ती म्हणाली, एक डोळा निघाला, बरं झालं माझं लक्ष होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरीनं गिळला असता तर? तेव्हापासून लहान मुलांच्या खेळण्याला मी मणी, बटण काही लावत नाही, डोळे दोऱ्यानंच भरतो.

त्या हत्तीचे तिनं पैसे देऊ केले आणि मी आईसारखंच म्हणालो, "अहो, सहज केलाय." दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचा फोन आला, तिला दोन हवे होते. मग एकाला गोधडीसारखं चौकोनांचं पांघरूण हवं झालं. त्याला मी किंमत सांगितली लोकरीचा खर्च आणि वर थोडंसं. तो क्षणभरही न थांबता हो म्हणाला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या पांघरुणाची मी वहीत नोंद ठेवली. बाबांचा मुलगा आहे, नोंदीशिवाय चैन पडत नाही. ३६ चौकोन, एकाला सरासरी २५ मिनिटं, म्हणजे १५ तास. प्रत्येक चौकोनात चार रंग, म्हणजे दोऱ्याची आठ टोकं, एकूण २८८. ती सगळी सुईनं टाक्यांच्या आत फिरवून लपवायची. मिनिटाला एक धरलं तरी जवळजवळ ५ तास. जोडणी आणि कड आणखी ५. एकूण २५ तास आणि माझ्या तासाला मी दिलेली किंमत जवळपास शून्य. वर मध्येच पांढरी लोकर संपली. लेबलवरचा रंगाचा नंबर बघून तीच आणली, पण लॉट नंबर, म्हणजे लोकर कुठल्या खेपेत रंगवली तो आकडा, बघितला नाही. दिवसा खिडकीत धरलं तर शेवटच्या दोन ओळी पिवळसर! त्या उसवून पुन्हा विणल्या, ते तास वेगळेच. आता काम हाती घेतलं की लागणारी सगळी लोकर एकाच लॉटची, वर एक गुंडा जास्तीचा.

टोकं लपवायच्या त्या पाच तासांत मला सारखा एक शब्द आठवत होता. बाबा, रागावू नका, शब्द तुमचा आहे. "रिकामा उद्योग." घरी कुणी आलं, आईच्या विणकामाचं कौतुक केलं की तुम्ही हसून म्हणायचात, "तिचा रिकामा उद्योग आहे तो." आणि आईसुद्धा म्हणायची, "फावल्या वेळात करते, त्यात काय." मी साताठ वर्षांचा असताना सुई मागितली, तेव्हा तुम्ही म्हणालात, ही काय मुलांची कामं आहेत? मी ती खाली ठेवली. दोन वर्षं तुम्हाला न सांगण्याचं कारण हेच. आता चाळिशीकडे झुकलोय, तरी हॉस्पिटलच्या बाकावर बसून विणताना शेजारचा माणूस बघायला लागला की हात पिशवीत जातो.

पण आई, तुला फावला वेळ कधी होता? मला तर तू बसलेली दिसायचीस ती फक्त हातात सुई असतानाच.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून काही वर्षं बटाट्याचं पीक सडत गेलं, मोठा दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली. तिथल्या ख्रिस्ती नन्सच्या मठांनी बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. एक बाई फुलं करायची, दुसरी पानं, मग ती सगळी जाळीनं एकमेकांना जोडायची. त्या लेसवर कितीतरी घरांची चूल पेटली. तीच सुई, त्याच साखळ्या, पण तिथे कुणी 'रिकामा उद्योग' म्हटलं असेल असं मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट मला इतकी वर्षं माहीत नव्हती. दोन सुयांच्या विणकामाची यंत्रं कारखान्यात केव्हाच आली, पण क्रोशाच्या मालाचं तसं नाही. यंत्राचा असतो तो क्रोशासारखा दिसणारा कपडा. दुकानात खरा क्रोशा दिसला तर तो कुठल्या तरी माणसानं टाका टाका करून हातानं विणलेला असतो, मग त्यावरची चिठ्ठी कितीही स्वस्त असो. असं काही दिसलं की मी आता आधी टाके मोजतो आणि मग वाईट वाटून घेतो.

किंमत ठरवायला शिकलो. लोकर, तास, पार्सल, सगळं मांडतो. गिऱ्हाईक "एवढे?" म्हणालं की पूर्वी लगेच कमी करायचो, आता पांघरुणाऐवजी छोटी पिशवी करून देतो का विचारतो. काही जातात. जाऊ देत. एकदा किल्लीला अडकवायच्या एकसारख्या चाळीस फुलांची ऑर्डर घेतली होती. विसाव्या फुलाला मला सुईचा तिटकारा आला, मनगट दुखायला लागलं ते वेगळंच. पुन्हा तसलं काही घेत नाही, आणि अर्ध्या तासानं हात खाली ठेवून बोटं उघडझाप करतो. शिवाय रोज झोपण्याआधी दोन ओळी स्वतःसाठी. एक निळी शाल चालू आहे, टाके कमी-जास्त झालेत, एका बाजूनं तिरकी गेलीय, कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. ती विणताना मला सर्वांत बरं वाटतं.

आणखी एक कबुली. तुझा टीपॉयचा रुमाल चालू होता, दारावरची बेल वाजली, तू सुई काढून ठेवून उठलीस. शेवटचा टाका तसाच सैल राहिलेला. मी दोरा ओढला. आधी एक टाका सुटला, मग दुसरा, मग सगळी फेरी सरसर सुटत गेली. एवढा आनंद मला पतंग उडवतानाही झाला नव्हता. तू परत आलीस तेव्हा माझ्या मांडीवर नागमोडी दोऱ्याचा ढीग होता. मला वाटलं आता पाठीत बसणार. तू काही बोलली नाहीस. बसलीस, दोरा गुंड्यावर परत गुंडाळलास, सुई घातलीस, आणि पुन्हा सुरुवात केलीस. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं अर्ध्यावर रंग बदलायला सांगितला, मी बारा ओळी उसवल्या, आणि तू काही बोलली का नव्हतीस ते मला आत्ता आत्ता समजायला लागलंय. त्या वेळी माझ्याकडे बघायलाही तुला नको वाटत असेल. चूक माझी होती, ती आज मान्य करतो.

सोबत पार्सल पाठवतोय. आई, त्यात ५ मिलीमीटरची सुई आहे, जाड रबरी मुठीची, म्हणजे अंगठ्याच्या सांध्यावर जोर येणार नाही. लोकर मुद्दाम फिकट घेतली, गडद रंगावर टाके दिसत नाहीत, माझ्याही डोळ्यांना दिसत नाहीत. तुझी स्टीलची सुईही परत पाठवतोय, तीस वर्षांच्या उशिरानं. आणि रुमालाच्या मधलं ते फूल कसं सुरू करायचीस ते एकदा व्हिडिओ कॉलवर हळूहळू करून दाखव. मी शंभर नमुने पाहिले, कुठेच तसं नाही.

बाबा, वही तुमच्यासाठी. पांघरुणाची पानं तपासा, बेरजेत चूक असेल तर लाल पेन सोबत आहे. शेवटच्या पानावर आईच्या रुमालाचा हिशोब मांडलाय. ६० फेऱ्या धरल्या आणि दर फेरीला १२ खांब वाढले, तर एकूण २१,९६० खांब. एकाला ५ सेकंद धरले तर साडेतीस तास, उसवलेलं सोडून. पण ६० हा माझा अंदाज आहे. टीपॉयवरचं सगळं उचलून ठेवा, चष्मा लावा, मधल्या फुलापासून कडेपर्यंत फेऱ्या मोजा आणि खरा आकडा त्या रकान्यात भरा. मोजताना आईला मध्ये बोलू देऊ नका, चुकायला होतं.

तुमचा,
मोठा