सुझनताई, मैदान मोकळं करून दिल्याबद्दल

आदरणीय सुझन अल्बर्टी,
सप्रेम नमस्कार.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला टारनेटमध्ये राहते, मूळची सांगलीची. माझी लेक इथल्या क्लबच्या मुलींच्या संघातून फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळते आणि आमचं सगळं घर तुमच्याच वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबचं चाहतं आहे. तुमची-माझी प्रत्यक्ष ओळख नाही. तरीही हे पत्र मी उघड आणि मराठीत लिहिते आहे. आमच्यासारख्या बऱ्याच मराठी घरांतल्या मुली आता शनिवार-रविवारी ओव्हलवर दिसतात, पण त्यांच्यासाठी हे मैदान मोकळं व्हावं म्हणून कोण झटलं, हे त्यांच्या आईबाबांना सहसा माहीत नसतं. आभार मानायचे तर नाव घेऊन आणि चारचौघांत मानावेत, असं मला वाटतं.

सांगलीत हे वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी खेळाबद्दल थोडं सांगते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्रिकेटच्याच मोठ्या लंबगोल मैदानावर खेळतात. चेंडू अंडाकृती असतो. तो लाथेने मारतात, हवेत उडी घेऊन झेलतात, मुठीने टोलवून सोबतिणीला देतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, म्हणजे सहा गुण, आणि बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला पकडून खाली पाडायचीही मुभा असते, त्याला टॅकल म्हणतात. बायकांचं हे काम नव्हे, असं ज्या खेळाबद्दल शंभर वर्षं बिनदिक्कत म्हटलं गेलं, तो हा खेळ.

तुम्हीच मुलाखतींतून सांगितलं आहे की लहानपणी तुम्ही मुलांबरोबर फुटी खेळायचात आणि वयात आल्यावर तुम्हाला थांबवलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला माझी शाळा आठवली. आम्ही मुली खो-खो खेळायचो, जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. दहावीनंतर घरात कुणी रागावलं नाही, भांडण झालं नाही. फक्त 'आता पुरे' एवढंच म्हणाले आणि सगळ्या जणींचं खेळणं एका उन्हाळ्यात संपलं. तुमच्या लहानपणीचं ऑस्ट्रेलिया आणि माझ्या लहानपणीची सांगली या दोहोंत समुद्रांचं अंतर आहे, पण ते वाक्य दोन्हीकडे तेच होतं. फरक पुढे पडला. आम्ही ते ऐकून गप्प बसलो. तुम्ही मोठ्या झालात, बांधकामाच्या धंद्यात पाय रोवलेत, हातात पैसा आणि शब्दाला वजन आलं, तेव्हा दोन्ही तुम्ही त्या थांबवलेल्या मुलींच्या बाजूने वापरलंत.

तुमच्या आधीही बायका खेळतच होत्या, हे मला माहीत आहे. व्हिक्टोरियातली महिलांची लीग 1981 साली अवघ्या चार संघांनिशी सुरू झाली. आमच्याच पश्चिम भागातल्या सेंट अल्बन्समध्ये डेबी लीने मुलींचा संघ उभा केला, तीनशेवर सामने खेळली आणि पुढे त्या लीगची धुराही वाहिली. मुलांबरोबर खेळणाऱ्या मुलींना ठरावीक वयानंतर संघाबाहेर काढत, म्हणून पेनी कुला-रीड आणि तिच्या दोन मैत्रिणी न्यायाधिकरणात गेल्या. त्यातूनच 2004 साली मुलींच्या स्वतंत्र स्पर्धेची वाट उघडली. या बायका स्वतःच वर्गणी भरायच्या, स्वतःच मैदान आखायच्या. त्यांच्याकडे जिद्दीची कमतरता कधीच नव्हती. पैसा नव्हता, आणि जिथे निर्णय होतात त्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

ती उणीव तुम्ही भरून काढलीत. या खेळात नफा दिसू लागल्यावर हात पुढे करणारे पुष्कळ झाले. तुम्ही खिशात हात घातलात तेव्हा प्रेक्षक नव्हते, टीव्ही नव्हता आणि परताव्याचं तर नावच नव्हतं. बुलडॉग्जच्या उपाध्यक्ष म्हणून संचालकांच्या टेबलाशी बसून तुम्ही हा विषय मागे पडू दिला नाहीत. हा क्लब ते समजू शकला यात मला नवल वाटत नाही. 1989 साली तो फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करून संपवायचं ठरत होतं, तेव्हा फुट्सक्रे या त्याच्या मूळ उपनगरातल्या कामगार वस्त्यांनी डबे फिरवून, पै-पै गोळा करून त्याला जगवलं होतं. लोकांनी वाचवलेल्या क्लबने बायकांना दार उघडावं, यात न्याय आहे.

29 जून 2013 रोजी एमसीजीवर मेलबर्न आणि बुलडॉग्ज यांच्या महिला संघांचा प्रदर्शनीय सामना झाला. सप्टेंबर 2016 मध्ये बुलडॉग्जच्या घरच्या मैदानावर, व्हिटन ओव्हलवर, याच दोन संघांचा सामना टीव्हीवर दाखवला, मोआना होपने बुलडॉग्जसाठी सहा गोल केले, आणि त्या मोसमातल्या पुरुषांच्या शनिवार-रात्रीच्या सामन्यांपेक्षाही जास्त मेलबर्नकरांनी तो पाहिला. राष्ट्रीय महिला लीग मुळात 2020 साली सुरू व्हायची होती. ती तीन वर्षं अलीकडे आली. 'बघणार कोण?' या प्रश्नाला आता आकड्यांत उत्तर मिळालं होतं. 3 फेब्रुवारी 2017 ला कार्लटन-कॉलिंगवूडच्या पहिल्याच सामन्याला 24,568 लोक आले, दरवाजे बंद करावे लागले, आणि आत शिरता न आलेल्या गर्दीची माफी मागायला लीगचे मुख्याधिकारी स्वतः बाहेर गेले.

आपला संघ मात्र त्या पहिल्या वर्षी सातपैकी दोनच सामने जिंकला. पगार तुटपुंजे होते. बहुतेक जणींना त्या मोसमाचे साडेआठ हजार डॉलर मिळाले, म्हणजे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव. एमा कर्नी मेलबर्न स्टार्सकडून क्रिकेटही खेळायची. पुढच्या वर्षी संघात आलेली मोनिक काँटी तर विशीच्या आत होती आणि बास्केटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्येही खेळत होती.

आणि मग 2018. याबद्दल मी कितीही लिहू शकते. सातपैकी पाच विजय मिळवून संघ गुणतक्त्यात पहिला आला. अंतिम सामन्याच्या तोंडावर कर्णधार केटी ब्रेननवर एका टॅकलवरून बंदी आली. तेवढ्याच चुकीला पुरुष खेळाडू दंड भरून सुटला असता, हा भेदभाव आहे, असं म्हणत ती शेवटपर्यंत झगडली, पण सामना तिला बाहेर बसूनच पाहावा लागला. कर्णधारपद एली ब्लॅकबर्नकडे आलं. 24 मार्चला पाऊस लागला होता. चेंडू साबणासारखा निसटत होता, उंच झेल जवळजवळ अशक्य, सगळा खेळ जमिनीवर, चिखलात, अंगावर अंग. अशा सामन्यात सुंदर असं फार काही घडत नाही. पण मला तो सामना सुंदरच वाटतो, कारण तो निव्वळ हट्टाने खेळला गेला. समोर ब्रिस्बेन होतं, आदल्या वर्षीची अंतिम फेरी थोडक्यात हरलेलं, तितकंच भुकेलं. काँटीने त्या ओल्या चेंडूवर जे पाय चालवले ते पाहून ही मुलगी पहिल्याच मोसमात आहे यावर विश्वास बसेना. ती सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली. शेवट 27-21. सहा गुणांचा फरक, म्हणजे एकच गोल. त्याच वर्षीची लीगमधली सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून कर्नीची निवड झाली.

पुरुष संघाला 1954 नंतरचं विजेतेपद मिळायला 2016 उजाडावं लागलं, बासष्ट वर्षं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत बायकांनी ते करून दाखवलं.

पुढे चढणच चढण होती असं नाही. कर्नी नॉर्थ मेलबर्नला गेली, ब्रेनन आणि काँटी रिचमंडला. 2022 पासून लीगमध्ये सगळे अठरा क्लब आले, चांगल्या खेळाडू वाटल्या गेल्या, आणि 2023 मध्ये आपला संघ तळाला होता. त्या वर्षी माझ्या लेकीने त्यांचा एकही सामना चुकवला नाही. हरून बाहेर येणाऱ्या मुलींच्या सह्या घ्यायला कुंपणाशी पोरींची तशीच रांग असायची. तुमच्या मदतीची खरी किंमत मला त्या वर्षी कळली. पुरुषांचा संघ हरला तर तो बंद करा असं कुणी म्हणत नाही. आता बायकांचा संघही हरू शकतो आणि तरी पुढच्या मोसमाला असतो. आमच्या खो-खोच्या संघाला हे भाग्य नव्हतं.

एक गोष्ट आई म्हणून लिहिते, जपून लिहिते. तुमची एकुलती एक लेक, डॅनिएल, 2001 साली मधुमेहाच्या गुंतागुंतीने गेली. त्यानंतर तुम्ही वैद्यकीय संशोधनासाठी किती निधी उभा केलात, तेही सगळ्यांसमोर आहे. त्या दुःखाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्यांच्या इतक्या मुलींसाठी तुम्ही इतकी वर्षं उभ्या राहिलात, याबद्दल मी तुमच्यापुढे हात जोडते.

माझी लेक तेरा वर्षांची आहे. तुम्हाला ज्या वयाच्या आसपास थांबवलं, त्या वयाची. या मोसमात तिला मधल्या फळीत खेळवत आहेत. तिच्या संघात पंजाबी, व्हिएतनामी, सुदानी घरांतल्या मुली आहेत, तिच्याखेरीज आणखी एक मराठी आहे, आणि त्यातल्या एकीलाही 'आता पुरे' म्हणणारं अजून कुणी भेटलेलं नाही. तिने तुम्हाला निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा कळवते: व्हिटन ओव्हलवर कधी दिसलात तर ती येऊन तुमच्याशी बोलणार आहे, आणि तुम्ही कुठल्या जागी खेळायचात ते तिला विचारायचं आहे.

मनापासून आभार.

आपली,
टारनेटची एक आई