इंटर्नशिपचे तास मोजून काय होणार?

संपादक महोदय,

मी एका सामाजिक संस्थेत इंटर्नशिपला येणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम बघते. विद्यापीठाच्या फॉर्मवर तासांसाठी अख्खा तक्ता असतो, 'काय शिकलात' याला मात्र दोन ओळी. बहुतेक जण 'टीमवर्क शिकलो' असं लिहून मोकळे होतात.

संख्याशास्त्राच्या एका मुलीने मात्र आमची प्रश्नावलीच बदलायला लावली. 'घरात माणसं किती?' या प्रश्नाला कामासाठी परगावी राहणारा मुलगा कुणी धरत होतं, कुणी नाही. दारात उभं राहून उत्तरं ऐकताना हे तिच्या लक्षात आलं. फॉर्मवर तिचेही नुसते तासच लागले!

१९०६ मध्ये हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. अनुभवातून माणूस कसा शिकतो, याच्या शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये केलेल्या मांडणीत अनुभवानंतर त्यावर विचार करण्याची पायरी आहे. आपण नेमकी तीच गाळतो. प्राध्यापकांनी काम चालू असतानाच मुलांना बसवून दोन-चार अडचणीचे प्रश्न विचारावेत. आणि सेवा प्रकल्पाचे गुण देताना, ज्यांच्या वस्तीत ही मुलं जाऊन आली त्यांनाही विचारावं. त्यांची सही आजवर कुणी मागितलेली नाही, माझी मात्र तीन ठिकाणी लागते.

– एक इंटर्नशिप समन्वयक