फांद्यांच्या चिपरबद्दल आई-बाबांना

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

छाटणीच्या फांद्या बांधावर पेटवण्याऐवजी ट्रॅक्टरवर चालणारा चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, घ्यायचा तुमचा विचार मला मनापासून पटला. फक्त दुकानदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी एवढं वाचा.

बाबा, बाजारात 'श्रेडर' म्हणून दोन वेगळी यंत्रं विकतात. पराट्या, तुराट्या, मक्याची ताटं कुटणाऱ्या यंत्रात हातोडे असतात. केशर आंब्याची तीन इंची हिरवी फांदी त्यात नुसती चेचते, कापली जात नाही. आपल्याला जाड चकतीवर धारदार पाती बसवलेलं यंत्र हवं. झाकण उघडायला लावा आणि फिरती पाती आणि त्यांच्या समोरचं स्थिर पातं स्वतः पाहा. दोन्हींमध्ये साधारण १ ते २ मिमी फट असते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेतला धरायचा.

आपला ट्रॅक्टर ३५ एचपीचा, म्हणजे पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागच्या, यंत्र फिरवणाऱ्या दांड्याला) ३० एचपीच्या आसपास मिळणार. तेवढ्यावर चार इंची, म्हणजे चार इंच जाडीपर्यंतची फांदी घेणारं यंत्र सुखानं चालतं. दुकानदार सहा इंची गळ्यात मारेल, ते घेऊ नका. जाड लाकूड घातलं की इंजिन दबेल, चकतीचा वेग पडेल आणि यंत्र तुंबेल. तसंही मनगटापेक्षा जाड फांदी आपल्याकडे सरपणालाच जाते. यंत्राचं वजन ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या क्षमतेत बसतंय ना, तेही विचारा.

फांदी आत ओढणारे रोलर असलेलंच यंत्र घ्या, पैसे जास्त पडले तरी. साध्या यंत्रात पातीच फांदी ओढतात. सरळ सुबाभूळ त्यात छान जाते, पण आंब्याची वाकडी, फाटे फुटलेली फांदी तोंडाशी अडते आणि माणूस ती हातानं रेटायला लागतो. बाबांच्या खांद्याला ते झेपणार नाही आणि धोकाही तिथंच आहे. रोलर उलटे फिरवायची सोय आणि तोंडाभोवती थांबवायचा दांडा हवाच. रोलरसाठी यंत्राची स्वतःची ऑइल टाकी आणि पंप असावा, कारण जुन्या ट्रॅक्टरला बाहेरचा हायड्रॉलिक जोड नसतो.

अनुदान घ्यायचं असेल तर अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करा. पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल करू नका. ते मॉडेल यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा.

चालवताना पीटीओची लिव्हर ५४० वर (मिनिटाला ५४० फेरे) ठेवा. आपल्या ट्रॅक्टरला रिव्हर्स पीटीओ असेल तर तो यासाठी कधीच वापरू नका. इंजिन मंद ठेवून पीटीओ हळूच जोडा, चकती फिरायला लागली की मीटरवरच्या ५४० च्या खुणेपर्यंत वेग न्या आणि मगच पहिली फांदी घाला. डिझेल वाचवायला वेग कमी ठेवला की चुरा बाहेर फेकला जात नाही आणि नळकांडं तुंबतं. नुसता ओला पाला घातला तरी तेच होतं. म्हणून पालेदार डहाळ्यांच्या मागे एखादी जाड फांदी घालत राहा. फांदीचा बुडखा आधी घालायचा आणि बाजूला उभं राहायचं. शेवटची आखूड तुकडी हातानं नाही, दुसऱ्या लांब फांदीनं ढकलायची.

छाटणी झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत काम उरका. ओलं लाकूड सहज कापतं, वाळलेली बाभूळ धार खाते. माती लागलेली मुळं, ठिबकच्या नळ्या, बांधायची तार यातलं काहीही आत जाता कामा नये. तारेचा एक तुकडा पात्याचा दात पाडतो.

ढलप्यांऐवजी भुसा पडायला लागला किंवा फांदी आत ओढली जाईना, की धार गेली असं समजा. सगळी पाती एकदम काढून सारखीच घासायची. एकाच पात्याला धार लावली तर चकतीचा तोल जातो आणि बेअरिंग निकामी होतं. पाती बसवताना चकती लाकडाच्या ठोकळ्यानं अडवा आणि नट नवे वापरा. आंब्याचा चीक चकतीवर चिकटतो, तो काम संपल्यावर डिझेलच्या फडक्यानं पुसा. दर आठ-दहा तासांनी पीटीओ आणि यंत्र जोडणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसना आणि बेअरिंगला ग्रीस द्या. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून यंत्र वाचवणारा) तुटला तर तसाच मऊ बोल्ट घाला. कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो.

आई, हे तुझ्यासाठी. यंत्राजवळ जाताना पदर खोचून, वरून बाबांचा जुना शर्ट घट्ट बटणं लावून घालत जा. बाबांनी उपरणं घरी ठेवायचं. तोंडाशी जितका धोका आहे तितकाच फिरत्या शाफ्टशी आहे. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं तर नवीन येईपर्यंत यंत्र बंद. पीटीओ बंद केल्यावरही चकती एक-दोन मिनिटं फिरत राहते, म्हणून ट्रॅक्टरची किल्ली खिशात आणि चकती पूर्ण थांबलेली असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे, तोंडाला मास्क लावा. एकट्यानं कधीच चालवू नका.

चुरा झाडाखाली दोन-तीन इंच जाड पसरा, पण खोडापासून अर्धा फूट मोकळं सोडा, नाहीतर वाळवी लागते. मातीत मिसळू नका, कुजताना तो नत्र खाऊन घेतो. भिरूड लागलेल्या किंवा शेंड्याकडून वाळत आलेल्या फांद्यांचा चुरा बागेत नको. तो शेणासोबत खड्ड्यात कुजवा.

शाफ्ट मात्र दुकानात कापून घेऊ नका. यंत्र घरी आलं की शाफ्ट न लावता ते जोडा, लिफ्ट खाली-वर करा आणि दोन्हीकडच्या दांड्यांवरच्या खाचांमधलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. सर्वांत जवळ असताना शाफ्टला दोन-तीन सेंटिमीटर मोकळीक हवी आणि सर्वांत लांब असताना नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश राहायला हव्यात. ही दोन मापं मला फोनवर सांगा, किती कापायचं ते मी कळवते.

तुमची लेक