वसतिगृहातील तापाविषयी

कोथरूड, पुणे
१२ ऑगस्ट

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोलीतल्या मित्राची स्वाइन फ्लूची तपासणी पॉझिटिव्ह आल्याचे काल फोनवर तू बोलता बोलता सांगितलेस आणि लगेच परीक्षेच्या वेळापत्रकाकडे वळलास. मी काही सांगू लागलो की तू “हो बाबा, माहीत आहे” म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र.

२००९ सालचा ऑगस्ट तुला पुसट आठवत असेल. तू सात वर्षांचा होतास. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, तोही चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा, आणि पाहता पाहता शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली. औषधांच्या दुकानांत मास्क मिळेनात, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले आणि आजीने तुझ्या शर्टाला आतून कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी अडकवली. (तिचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही, हे आजीला सांगण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.) तुला ताप भरल्यावर नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगेत आपण सकाळपासून उभे होतो, पण ती वेळ का आली, हे मी तुला कधी सांगितले नाही. त्याआधी दोन दिवस माझ्याच अंगात कणकण होती, खोकला होता; ऑडिट चालू आहे म्हणून मी गोळी घेऊन कचेरीत जात होतो आणि संध्याकाळी घरात शिरताच, हात न धुता, तुला उचलून घेत होतो. तुझा अहवाल निगेटिव्ह आला, साधा फ्लू निघाला. पण तो येईपर्यंतच्या दोन रात्री मी तुझ्या कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलत होतो आणि तुझ्या आईने मला एका शब्दानेही काही विचारले नाही.

खोकला आणि शिंक यांच्या तुषारांतून हा विषाणू पसरतो, हे तुला ठाऊक आहेच. हातांचे मात्र तू मनावर घेत नाहीस. दाराची कडी, नळ, मेसमधल्या आमटीचा डाव अशा टणक, गुळगुळीत वस्तूंवर तो चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तग धरू शकतो आणि तिथून बोटांवाटे नाका-डोळ्यांपर्यंत पोहोचतो. वाचताना तू डावा हात सतत नाकाशी नेतोस, हे तुला स्वतःला कळतही नाही. या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते व साबणाने ते फुटते, म्हणून साधी वडीही पुरते. फक्त तिला वेळ द्यावा लागतो. तू वडी दोनदा फिरवून हात नळाखाली धरतोस, त्यात अंगठे आणि बोटांची टोके कोरडीच राहतात. सावकाश वीस अंक मोजेपर्यंत बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा चोळत जा. मळक्या हाताने जो नळ उघडलास, त्यालाच धुतलेला हात पुन्हा लागतो. तेव्हा नळाच्या चावीलाही फेस लावून तिच्यावर पाणी घालत जा. फोनही रोज पुसून घे, नाहीतर हात धुऊन तोच उचललास की सगळे मुसळ केरात. साबण नसेल तिथे सॅनिटायझर चालेल, मात्र त्यात निदान साठ टक्के अल्कोहोल हवे आणि हाताला माती किंवा तेल लागलेले नसावे.

तुम्ही दोघे एकाच दोरीवरचा हाताला लागेल तो टॉवेल वापरता, हे मी गेल्या खेपेला पाहिले आहे. ते आजपासून बंद. डास येतात म्हणून खिडकी लावून घेता, तेही बंद. मच्छरदाणी लावा, पण हवा खेळती ठेवा, कारण नुसता पंखा खोलीतलीच हवा घुसळत राहतो. मित्राने मास्क लावावा आणि त्याच्याजवळ असताना तूही लाव. त्याचा डबा मात्र दाराशी ठेवून पळू नकोस.

लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण पाच ते सात दिवस रुग्णापासून संसर्ग होऊ शकतो, म्हणजे तुला तो आधीच झालेला असण्याची शक्यता आहे. ताप आला तर वर्गात जाऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध द्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. मित्राकडच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नकोस, विषाणूवर त्या चालत नाहीत. धाप लागली, छातीत दुखले किंवा ओठ निळसर दिसले तर रात्र-मध्यरात्र न पाहता थेट रुग्णालय गाठ.

गणपतीला तू येणार म्हणून आजी दिवस मोजते आहे. तिला मधुमेह आहे, वयही ब्याऐंशी. जूनमध्ये तिला फ्लूची लस दिली आहे, तरी लस म्हणजे चिलखत नव्हे. निघण्याच्या दिवशी थोडाही ताप किंवा खोकला असेल तर नागपूरहून गाडीत बसू नकोस. आजीची समजूत मी घालीन.

सोबतच्या पार्सलमध्ये दोन नवे पंचे, साबणाच्या चार वड्या आणि थर्मामीटर आहे. कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी आजीने स्वतः बांधून ठेवली आहे. ती लावतोस ना, असे ती फोनवर विचारील, तेव्हा हो म्हण.

तुझा,
बाबा