फोटोतलं ते कुमक्वाट नव्हतं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कुंडीतल्या झाडांवर लेख आला होता, छान होता, पण केशरी फळांच्या फोटोखाली कुमक्वाट (संत्र्या-लिंबाच्या कुळातलंच एक चिमुकलं फळ) छापलंय ते काही बरोबर नाही. फोटोतली फळं गोल, वरून-खालून जराशी दबलेली, म्हणजे संत्र्याचं पिल्लूच. ते कॅलामॉन्डिन आहे, नर्सरीवाले चायना ऑरेंज म्हणून देतात ते. आमच्या गच्चीवर तेच झाड आहे आणि लेखात लिहिलं होतं की फळ सालीसकट खायचं, म्हणून आमच्या सौ.नी एक तोडून अख्खं तोंडात टाकलं. आंबटढाण! पाणी पिऊन आल्यावर पहिला प्रश्न मलाच, की पेपरवाले खोटं लिहितात का?

खोटं नाही, पण ते कुमक्वाटला लागू आहे. त्याची साल गोड असते आणि गर आंबट, साल गराला घट्ट चिकटलेली, म्हणून सोलायच्या भानगडीत न पडता सगळंच खातात. फळ बहुतेक लांबट, बोरासारखं, पण गोल जातही असते, त्यामुळे नुसत्या आकारावर जाऊ नका. कॅलामॉन्डिनची साल पातळ, नखाने संत्र्यासारखी सुटते आणि आत रसच रस. फिलिपिन्समध्ये हेच हिरवं असताना लिंबासारखं पिळतात. मुळात ते कुमक्वाट आणि संत्रावर्गातल्या मँडरिनच्या संकरातून आलेलं, मग तोंडवळा दोन्हीकडचा येणारच की.

आता दुसऱ्याला नावं ठेवतोय तर माझाही घोळ सांगतो. अंगणात मोसंबीचं कलम लावलं होतं, चौथ्या वर्षी फळं लागली ती केशरी, साल ढिली, गल्लीतली पोरं संत्री समजून तोडून न्यायची आणि चावा घेतला की थू थू करत फेकून द्यायची. शेजारचे आबा चाखून म्हणाले, "हाई संत्रं नही शे भो, निंबू शे!" मी दोन वर्षं नर्सरीवाल्याच्या नावाने बोटं मोडली, मग धुळ्याला ॲग्रीला शिकणारा भाचा आला, त्याने बुंध्याशी बसून दाखवलं की मामा, मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, खुंटावर, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या मुळं असलेल्या रोपावर बांधतात, खुंट रंगपूर लिंबाचा नाहीतर जंबेरीचा, तुमचा वरचा डोळा कधीच वाळलाय आणि हे जे वाढलंय ते खालच्या खुंटाची फूट. तेव्हा आठवलं, पहिल्याच मे महिन्यात पारा 45 वर होता आणि आम्ही आठ दिवस लग्नाला बाहेरगावी. परत आल्यावर खालून हिरवी फूट दिसली तर मी खुश, म्हटलं कलम जगलं! जोडाच्या खालची फूट खुडून टाकायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

रंगपूर लिंबू रंगाने आतबाहेर केशरी आणि चवीने लिंबू, त्यामुळे भलेभले फसतात. जंबेरी फसवत नाही, पिवळी, जाड, खडबडीत सालीची असते, लगेच ओळखू येते. झाड मी काढलं नाही, उन्हाळ्यात सरबताला आणि भरताच्या पार्टीला त्याचाच रस चालतो, वासाला कागदीची सर नाही पण फुकट आहे.

कागदी लिंबावरून आठवलं, बाजारात लोक पिवळं लिंबू बाजूला सारून हिरवंगार वेचतात, म्हणे ते ताजं. अहो कागदी पिकलं की पिवळंच होतं, पातळ सालीचं पिवळं घ्या, रस जास्त निघतो.

तर साहेब, पुढच्या वेळी अशा फळांचा फोटो छापाल तेव्हा एक फळ आडवं कापून शेजारी ठेवा आणि एकाची साल अर्धी सोलून. नुसत्या केशरी गोळ्यांवरून आमच्यासारख्यांना काही कळत नाही, आणि आता घरात पुरवणी आधी मला वाचून दाखवावी लागते.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर